‘वरचे’ नावाचं बटण

दाढ काढल्यामुळे तोफ तीन दिवस रजेवर होती, आणि त्या तीन दिवसांत प्रसूती वॉर्डात कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी ती गालाला रुमाल लावून हजर झाली, तेव्हा फरशी पुसणाऱ्या मावशींनी बादली भिंतीकडे ओढून घेतली.

"आल्या बाई," मावशी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटल्या. "आणि आज तर एका बाजूनं जास्तच भरलीय."

तोफ हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं ती त्या वॉर्डात परिचारिका होती. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणत, पाठीमागे तोफ. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. तिची सूनही त्याच वॉर्डात दुपारपाळीला असे. घरात सासू, कामावर वरिष्ठ; त्या पोरीचं कसं होत असेल याची लोकांना फार काळजी वाटे. पोरीला मात्र कधी वाटलेली दिसली नाही.

त्या सकाळी सात नंबरच्या खाटेवरची बाई घरी जायची होती. पहिलटकरीण. दिवस भरायला तीन आठवडे बाकी असतानाच तिला मुलगी झाली होती. पोर नाकीडोळी छान, पण भारी झोपाळू. दीड दिवस तिला काविळीसाठी बाळांच्या खोलीत निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. आता कावीळ उतरली होती, वजन टिकलं होतं, आणि डॉक्टर मॅडमनी संगणकावरच्या नोंदी पाहून घरी सोडायचं लिहून दिलं होतं. नणंद न्यायला आली होती. तिनं पिशव्या भरून खाटेच्या पायाशी मांडल्या होत्या आणि गाडी फाटकात थांबवून ठेवली होती. आता राहिली होती फक्त बाळाच्या पायातली नंबराची पट्टी. ती सिस्टरनं कापायची, नंबर कागदाशी जुळवायचा, की बाळ दवाखान्याचं संपलं आणि घरचं झालं.

तोफेचा एक जुना हट्ट होता. तिच्या पाळीत पट्टी कापण्याआधी आईनं बाळाला एकदा तिच्या डोळ्यांदेखत पाजायचं. असा नियम कुठंही लिहिलेला नाही. तोफेनं तो केला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

"घ्या हिला जवळ," ती म्हणाली. "मी बघते."

"अहो सिस्टर, घरी जाऊन पाजेल की वहिनी," नणंद म्हणाली. "गाडीवाला केव्हाचा खोळंबलाय."

"गाडीवाल्याला प्यायचं नाहीये."

आईनं बाळाला छातीशी लावलं. बाळानं दोनदा ओठ हलवले आणि डोळे मिटले. तोफेनं दुपटं सैल केलं, तळपायाला बोट फिरवलं, मानेखाली हात घालून पोरीला थोडं वर केलं. पुन्हा दोनदा ओठ, पुन्हा झोप. तोफेनं खाली वाकून कान जवळ नेला. दूध गिळताना बाळाच्या गळ्यात एक बारीकसा आवाज होतो, श्वास टाकल्यासारखा. ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही. तो आवाज आलाच नाही.

"नेहमी असंच करते?"

"माझ्याकडे असंच," आई म्हणाली आणि तिनं उशाशी ठेवलेल्या छापील कागदाकडे पाहिलं. "पण कागदावर लिहिलंय ना, चांगली पितेय म्हणून. म्हणजे मलाच कळत नसणार. पहिलंच आहे माझं."

चार दिवस पोर छातीशी धरलेली ही बाई, तिला दिसत होतं, समजत होतं, आणि तरी तिनं स्वतःला खोटं ठरवून कागदाला खरं मानलं होतं. असल्या कागदाची तोफेला तिडीक होती. तिनं तो उचलला आणि रुमाल गालाला तसाच दाबून वाचायला घेतला.

अंगावर. पंधरा मिनिटे. चांगले. त्याखाली, अंगावर. पंधरा मिनिटे. चांगले. त्याखाली पुन्हा तेच. अशा तेवीस ओळी.

आता तुम्हीच सांगा, जगात असं बाळ कुणी पाहिलंय? एखादं पाच मिनिटांत पोट भरून मोकळं होतं, एखादं पाऊण तास आईला हलू देत नाही. तेच बाळ सकाळी हावरटासारखं पितं आणि दुपारी रुसून तोंड फिरवतं. तेवीस वेळा मोजून पंधरा मिनिटं पिणारं बाळ या वॉर्डात सव्वीस वर्षांत जन्मलं नव्हतं. तोफेनं कागद घडी करून खिशात घातला.

"पट्टी कापणार नाही," ती म्हणाली.

नणंदेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आवाज चढवला, तोफेनं तर तो मुळी उतरवलेलाच नव्हता, आणि शेवटी कुणीतरी डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं. बाई वाईट नव्हत्या. दोन वॉर्ड, चाळीस बाळं आणि त्या एकट्या. पूर्वी राउंडला सिस्टर मोठी वही उघडून एकेका बाळाचं मोठ्यानं वाचायची, बाई मध्येच अडवून विचारायच्या, सिस्टर सांगायची. संगणक आल्यापासून त्या आपल्या खोलीतच पडद्यावर सगळं बघत. वेळ वाचत होता. बोलणं तेवढं बंद झालं होतं.

"सिस्टर, वजन टिकलंय, नोंदी सगळ्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे वेगळं काय आहे?"

"डोळे आहेत, मॅडम. आणि कान."

"म्हणजे नोंदी खोट्या आहेत म्हणता? मग हेही बघा." त्यांनी हातातला पडदा तिच्यापुढे धरला. "नऊ नोंदींखाली तुमच्या सूनबाईंचं नाव आहे."

मावशींनी पोछा जागच्या जागी थांबवला. तोफेनं नावं वाचली, नऊच्या नऊ, आणि मोबाईल काढून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आई, दाढ फार दुखतेय का?" पलीकडून सून म्हणाली.

"दाढ मरू दे. सात नंबरच्या बाळाला काल तू काय पाजलंस?"

"सात नंबर? ती झोपाळी? वाटी-चमच्यानं पाजलं की. अंगावर ओढतच नव्हती ती. दिव्याखाली होती तेव्हाही चमच्यानंच. नंतर दर वेळी आईकडे लावून बघायचे, ती झोपायची, मग मी आत नेऊन डब्यातलं वरचं दूध पाजायचे. का हो? काय झालं?"

"नोंद काय केलीस?"

"तीच. वरचं दिलं, म्हणून वरचं दाबलं."

तोफेनं वॉर्डाच्या टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं. नोंदीच्या पानाखाली तीन बटणं होती. ‘नवी नोंद’, ‘वरचे’ आणि ‘जतन करा’. तिनं ते मधलं बटण हजारदा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

"संगणकवाल्याला वर बोलवा," ती म्हणाली. "जेवत असेल तर हात न धुता यायला सांगा."

संगणकवाला तळमजल्यावर औषधांच्या कोठाराशेजारी बसे. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर सारून तोच शोधत फिरणारा सज्जन माणूस. तो धापा टाकत आला.

"हे ‘वरचे’ म्हणजे काय?" तोफेनं विचारलं.

"ते होय? वरचे म्हणजे वरच्या ओळीतले," तो खूश होऊन म्हणाला. "आधीची नोंद जशीच्या तशी खाली उतरते. तुमचं लिहिणं वाचावं म्हणून दिलंय. सगळ्यात जास्त तेच वापरतात तुमच्या वॉर्डात."

"अहो, वरचं म्हणजे वरचं दूध!"

"वरचं दूध?"

"आईच्या अंगावरचं नाही ते! डब्यातलं, वाटीतलं, कुठलंही. लहानपणी तुम्ही काय प्यायलात?"

"मला कसं आठवणार?" तो बिचारा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला. कपाळावरचा चष्मा त्यानं डोळ्यांवर ओढला आणि पडद्यापाशी जाऊन बसला.

झालं होतं ते इतकं साधं होतं. बाळ जन्मलं की पहिल्या तासात प्रसूतीच्या खोलीतली मंडळी पहिली ओळ भरून टाकत, सगळ्यांची सारखीच: अंगावर, पंधरा मिनिटे, चांगले. मग बाळ वॉर्डात येई. ज्याला ओढता येत नसे त्याला सिस्टर वाटीनं वरचं पाजत आणि इमानेइतबारे ‘वरचे’ दाबत. पडद्यावर हिरवी खूण येई, पान पुढच्या बाळावर जाई, आणि मागे पहिली ओळ पुन्हा एकदा उमटे. जे बाळ जितकं कमी ओढी, त्याची नोंद तितकी गोमटी होत जाई. वरच्या दुधाला खास बटण दिल्याबद्दल सगळ्या सिस्टर मिळून त्या संगणकवाल्याचं कौतुकही करत होत्या.

आणि तोफेला कपाळाला हात लावायचं आणखी एक कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्या बटणावर नुसता बाण होता. त्याला कुणी हात लावत नसे. ‘आम्हाला कळेल असं मराठीत लिहून द्या’ म्हणून तळमजल्यावर जाऊन भांडून आली होती ती तोफच.

डॉक्टर मॅडम खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांचा हिशेब मनातल्या मनात चालला होता आणि तो चेहऱ्यावर वाचता येत होता. वजन टिकलं होतं ते वाटीतल्या दुधानं. आणि घरी जाणाऱ्या कागदावर छापलं होतं, फक्त अंगावरचे दूध, बाहेरचे काहीही देऊ नये. ही बाई शहाण्यासारखी तो कागद पाळणार होती.

"तुम्हाला कळत होतं," त्या आईला म्हणाल्या. "आम्हालाच कळलं नाही. ती ओढायला शिकेपर्यंत तुम्ही इथंच राहायचं. तुमचं दूध काढून वाटीनं देऊ आणि रोज अंगावर लावून बघू. शिकेल ती."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नणंद खाली गेली, गाडी परत पाठवून आली, आणि पिशव्या सोडायला बसली.

कुणाला वाटेल, झालं, मिटलं. अधीक्षक साहेबांना तर तसं फारच वाटलं. दुपारी बाराला त्यांनी तोफेला आणि संगणकवाल्याला आपल्या खोलीत बोलावलं. साहेबांच्या टेबलावर एकही कागद कधी उघडा नसे. उघडा कागद दिसला की त्यांना बेचैन व्हायचं.

"उत्तम काम केलंत, सिस्टर," ते म्हणाले. "बाळ वाचलं. बटणावरचा शब्द आजच बदलतोय. तुम्ही एवढंच लिहून द्या की नोंदी करताना कर्मचाऱ्यांकडून चूक झाली. विषय संपला."

"चूक कर्मचाऱ्यांची नाही. लिहिलं होतं ते आम्ही आमच्या भाषेत वाचलं. सव्वीस वर्षं वरचं म्हणजे वरचं दूध. आता ते साहेबी भाषेत वाचलं नाही म्हणून मी माफी मागू?"

"बरं, शब्द तुम्ही ठरवा."

"शब्दांचं नंतर बघू. आधी हे सांगा, घरी गेलेल्या बाळांचं काय?"

साहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. तोफ संगणकवाल्याकडे वळली. "तीन आठवड्यांत हे बटण किती बाळांवर दाबलं गेलं?"

"एकोणीस," तो म्हणाला. "पाच अजून वॉर्डात आहेत. चौदा घरी गेलीत. सगळ्यांना कागद तोच मिळालाय. फक्त अंगावरचे दूध."

"चौदा," तोफ म्हणाली. "साहेब, चौदा घरांत फोन करायचाय."

"अजिबात नाही." साहेब आता स्पष्ट बोलले. "तुम्ही फोन केलात म्हणजे आपण चूक कबूल केली. लोक घाबरतील, आरडाओरडा होईल, वर्तमानपत्रं येतील. त्या बाळांना काही झालं असतं तर लोक परत आले असते. आणि चौकशी लागली तर नोंदींखाली नावं कुणाची आहेत, याचा विचार करा. सगळ्यात जास्त तुमच्या सुनेची. नोकरी आधी तिची जाईल."

साहेबांनी नेम बरोबर धरला होता. ती पोर नोकरीला लागली तेव्हा गणवेशाला इस्त्री तोफेनंच करून दिली होती. दोघी एकाच पडवीत चपला काढत, एकाच डब्यात भाजी नेत, आणि एकमेकींच्या पाळीबद्दल रोज कुरकुरत. ती नोकरी म्हणजे त्या पोरीचा जीव की प्राण होती, हे तोफेइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "घरी बसू दोघी आणि दिवसभर भांडू. पण तिचं एकटीचं नाव नका घेऊ. भाऊ, माझं काढा. मी कितीदा दाबलंय?"

संगणकवाल्यानं खाली पाहिलं. "अकरा वेळा."

"ऐकलंत? अकरा वेळा. आता लिहा काय लिहायचं ते."

"यादी मिळणार नाही," साहेब म्हणाले. "ती दवाखान्याची आहे."

तेव्हा संगणकवाल्यानं, ज्यानं त्या इमारतीत कधी कुणाचा शब्द मोडला नव्हता, खिशातून घडी केलेला कागद काढून तोफेच्या हातात दिला. "वर येतानाच छापून आणली होती," तो साहेबांना म्हणाला. "बटण मी केलंय. मला झोप लागायची नाही, साहेब."

साहेब उठून उभे राहिले. तोफ बसली. तिनं टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला आणि यादी समोर पसरली. "तुम्ही शिपायाला बोलवा नाहीतर पोलिसांना. ते येईपर्यंत माझे चार-पाच फोन होतील." सुरुवात तिनं स्वतःच्या नोंदींपासून केली. ज्या बाळांपुढे तिचं नाव होतं त्यातलं सगळ्यात लहान, वेळेआधी जन्मलेलं, सहा दिवसांपूर्वी तिच्या आठवड्याच्या सुट्टीत घरी गेलेलं. लिहायला हात मोकळा हवा म्हणून तिनं फोनचा आवाज खोलीत सोडला.

"अगंबाई, सिस्टर, तुम्ही!" पलीकडची आई हरखून गेली. "तुमची आठवण काढतो आम्ही रोज."

"बाळ कसं पितंय?"

"छान. तुमच्या कागदावर लिहिलंय तस्सं. दर तीन तासांनी छातीशी घेते, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. बाहेरचा एक थेंब दिला नाही. सासूबाई म्हणत होत्या, वाटीभर दे काहीतरी. मी त्यांना कागदच दाखवला."

"रडतो का?"

"पहिले दोन दिवस फार रडला हो. आता नाही. आता इतका शहाणा झालाय, आवाज म्हणून नाही. झोपूनच असतो. आणि दुपटीसुद्धा फारशी ओली करत नाही, कालपासून तर एकच."

साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथंच राहिला. संगणकवाल्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"ताई, नीट ऐका," तोफ म्हणाली. सव्वीस वर्षांत तिचा इतका हळू आवाज कुणी ऐकला नव्हता. "बाळाला उचला आणि अंगाशी उबेत धरा. घराचं दार उघडून ठेवा. आमची गाडी येतेय, गाडीत डॉक्टर असतील."

"गाडी? का? सिस्टर, काय झालं?"

"पत्ता विचारा," साहेब म्हणाले.

"पत्ता यादीत आहे. तुम्ही गाडी काढा," तोफ त्यांच्याकडे न बघता म्हणाली, आणि साहेब खरोखरच दार उघडून व्हरांड्यातून ड्रायव्हरला हाका मारत पळाले.

"पण सिस्टर," फोनमधली बाई रडायला लागली होती, "माझं काय चुकलं? कागदावर तर चांगलं लिहिलंय. मी रोज वाचते तो."

"तुमचं काहीही चुकलेलं नाही. तो कागद फाडून टाका. तो मी लिहिलाय, आणि तो खोटा आहे."